चतुरामावशी इटालियन हॉटेलात

बारामती,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९९७

तीर्थरूप आबासाहेब मामा यांना,
सुगतचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? (आई म्हणते उजवा दुखतो, मावशी म्हणते डावा. यावरून दोघींनी परवा दुपारभर अबोला धरला होता, तेव्हा नेमका कोणता ते उलट टपाली कळवावे.) बनामामींचा खोकला थांबला असेल. तुमची म्हैस आटल्याचं कळलं, वाईट वाटलं. आमच्याकडे सगळी खुशाली आहे. आता मामा, पोस्टमनच्या हातून पत्र घेऊन दारातच वाचत असाल तर आधी आत जा आणि टेकून बसा, कारण पुढची बातमी गुडघ्यावर भार देऊन वाचण्यासारखी नाही. चतुरामावशी हॉटेलात गेली. खुर्चीवर बसली, जेवली आणि वर चहा प्याली. होय मामा, तुमची सख्खी थोरली बहीण, आपली वडगाव निंबाळकरची चतुरामावशी. मी समोरच्याच खुर्चीवर बसलो होतो, आणि अजून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

तुम्ही दोघं भावंडं हॉटेलची पायरी चढत नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक. मावशी भाजी विकायला बारामतीला येते ती भाकरी बांधून आणि चहा बाटलीत भरून. तुम्ही जमिनीच्या कागदासाठी आला होता तेव्हा स्टँडवरच्या नळाचं पाणी पिऊन तसेच सणसरला परत गेलात, आणि आई आठवडाभर चिडचिड करत होती. आम्हा पोरांना एवढंच सांगितलेलं की त्या दोघांना हॉटेलचं तेल बाधतं. आता चहात तेल कुठून येतं हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नाही, यावरून आमच्या शाळेची कल्पना यावी. असो. हे घडलं कसं ते सांगायचं तर आधी माझी साहित्यसेवा सांगावी लागेल, आणि ती सांगायला मी टपलेलोच आहे.

आमच्याकडे 'सायफन' नावाचं साप्ताहिक निघतं. संपादक महिपतराव, छापखाना त्यांचाच, आणि अंक दर गुरुवारी निघतो (लग्नसराईत पत्रिका छापायच्या असतात, तेव्हा निघत नाही). उसाचा भाव, निधनवार्ता आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मधे थोडी जागा उरायची. ती त्यांनी मला दिली. 'खाऊन पाहिले' हे सदर, खाली माझं नाव, सुगत मिसाळ. मामा, कालव्याच्या हापिसात इतकी वर्षं मी फायलींवर 'सविनय सादर' एवढंच लिहीत आलो, आणि त्याखाली सही साहेबांची असते. माझं नाव छापून आलं त्या दिवशी मी तो अंक घेऊन विनाकारण तीनदा बाजारातून चक्कर मारली. पहिलं परीक्षण मिसळीचं होतं. मिसाळाने मिसळीवर लिहू नये, ही अक्कल मला नंतर आली. अजून लोक रस्त्यात 'काय मिसळ, पाव कुठाय?' म्हणून विचारतात. पण त्यावर पत्रं आली (दोन, पैकी एक आईने शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं), आणि महिपतरावांना हुरूप चढला. दिवाळी अंकासाठी त्यांनी फर्मान काढलं की मिसळ-भजी पुरे, जग कुठं चाललंय. तुम्ही बर्गर, हॉट डॉग आणि इटालियन जेवण या तिन्हींवर लिहा. तिन्ही झाली तर सदर कायमचं माझं. एक जरी राहिलं तर त्यांच्या मेहुण्याला, विकीला. विकीची लायकी एवढीच की त्याने पुण्यात एकदा पिझ्झा खाल्लाय आणि त्याबद्दल तो अजून बोलतोय.

बर्गर सोपा निघाला. कॉलेजच्या रस्त्याला जोतीराम पूर्वी वडापावची गाडी लावायचा, त्याने आता पाटी बदलली आहे. पाव गोल, मधे तोच बटाटेवडा पण हाताने दाबून चपटा केलेला, वर कोबी आणि टोमॅटोची चकती. वडापावाला इस्त्री केली की बर्गर होतो, असं मी परीक्षणात लिहिलं आहे आणि मला ते वाक्य फार आवडलं आहे. मी त्याला विचारलं, बाबा, फरक काय पडला? तो म्हणाला, "साहेब, वडापाव खाताना मानूस दुसरीकडं बघत असतो. बर्गर खाताना बर्गरकडं बघतो." मी तपासून पाहिलं, खरं आहे. न बघितल्यास मागच्या बाजूने कोबी शर्टावर पडतो. मी तीन खाल्ले, दोन परीक्षणासाठी आणि एक शर्टाचं दुःख विसरण्यासाठी.

हॉट डॉगसाठी इंदापूरला जावं लागलं. हमरस्त्यावर एकाने नवीन हॉटेल टाकलंय, ट्रकवाले आणि मोटारवाले दोघांनाही धरून ठेवायचं म्हणून एकीकडे सुंभाच्या बाजा आणि एकीकडे टेबलं. पेंटरला पाटीवर नुसतं 'हॉट डॉग' लिहायला सांगितलं होतं, पण त्याने स्वखुशीने शेजारी एक कुत्रा काढला, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा, म्हणजे तो 'हॉट' आहे हे कळावं. मी पोचलो तेव्हा दारात नरसिंहपूरकडचा एक म्हातारा सायकलच्या कॅरियरला टोपली बांधून, टोपलीत त्याचा कुत्रा घेऊन उभा होता आणि मालकाशी भांडत होता. कुत्र्याला दोन दिवस ताप होता, आणि गावातल्या कुणीतरी पाटीवरच्या इंग्रजीचा मराठी अर्थ लावून त्याला सांगितलेलं की तापलेल्या कुत्र्याचा दवाखाना हमरस्त्यावर निघालाय. "आंग बघा की हात लावून, कसं पोळतंय," असं तो म्हणत होता, आणि मालक शपथेवर सांगत होता की हितं तसलं काय न्हाय. मग हे चित्र कशाचं, असं म्हातारा पाटीकडे बोट करून विचारत होता. माझ्या खिशाला पेन दिसल्यावर दोघं माझ्याकडे आले. मी समजावून सांगितलं की हे एक खाण्याचं नाव आहे, परदेशात लोक हॉट डॉग आवडीने खातात. म्हाताऱ्याने ऐकता ऐकता हळूच उपरण्याने कुत्र्याचे कान झाकले. मी जनावरांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, रस्ता दाखवला, आणि मग आत जाऊन खाल्लं. लांबट पावात एक अख्खी, न कापलेली कोथिंबीरवडीची गुंडाळी घातलेली होती. चव उत्तम. वड्या पाडायचा कंटाळा येत असेल त्या घरांनी अवश्य करून पाहावी.

राहिलं इटालियन. आणि मामा, इथे माझं घोडं अडलं. बारामतीत भिगवणच्या रस्त्याला नवीन हॉटेल झालंय (नाव लिहीत नाही, परीक्षण छापेपर्यंत नाव फोडायचं नाही असा संपादकांचा दंडक आहे). बाहेर भली मोठी पाटी, 'इटालियन डायनिंग हॉल', आणि खाली 'फक्त फॅमिलीसाठी'. दाराशी धोंडीबा नावाचे मिशाळ गृहस्थ, वेटरही तेच आणि राखणदारही तेच, गळ्यात काळ्या फुलपाखरासारखा बो. मी आत शिरायला गेलो तर त्यांनी हात आडवा घालून विचारलं, "फॅमिली हाय का?" मला प्रश्न फार आपुलकीचा वाटला. मी म्हटलं, आहे की! आई आहे, धाकटा भाऊ आहे, वडगाव निंबाळकरला मावशी, सणसरला मामा आणि मामी. (तुमच्या गुडघ्याचंसुद्धा सांगितलं.) धोंडीबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संगं हाय का, आत्ता?" तेव्हा कुठे ध्यानात आलं की त्यांच्या भाषेत फॅमिली म्हणजे बाई. एकट्या पुरुषांनी बाहेरच्या पंख्याखाली बसून भजी खायची. बाई बरोबर असेल तर पडद्याआड, गार हवेत, इटालियन. मी प्रेसचा माणूस आहे म्हणून सांगितलं. नाव विचारलं तर मिसाळ म्हटलं. "मिसळ भाईरच मिळंल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी हापिसातल्या एकाला घेऊन गेलो, तर दोन जेन्ट्स मिळून एक फॅमिली होत न्हाय, असं उत्तर मिळालं. लग्न केलं असतंस तर ही वेळ आली नसती, असं आई म्हणाली. ती स्वतः आली असती, पण तिची दाढ नुकतीच काढली होती आणि गाल बर्गरएवढा झाला होता. विकीचं मात्र गेल्याच उन्हाळ्यात लग्न झालंय. महिपतराव मला रोज विचारायचे, जमतंय का, आणि विचारताना मेहुण्याकडे बघायचे.

शेवटी दसऱ्याआधीच्या शनिवारी वडगाव निंबाळकरची एस.टी. धरली. मावशी नाहीच म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं, पण सदर जात होतं हो मामा, आणि बुडत्याला मावशीखेरीज कोण आहे? ती गवार तोडत होती. मी बांधावर बसून सगळी हकिगत सांगितली, विकीबद्दल जरा जास्तच तिखटमीठ लावून. तिने एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाली, "आत बसायचं का भाईर?" मी म्हटलं, आतच. बाहेर बसायला मला एकट्यालाही मिळतं, आत जायलाच बाई लागते. तेव्हा तिचा हात थांबला. "म्हंजी माझ्याबिगर तुला आत घेत न्हाईत?" मी म्हटलं, नाही घेत. "पुन्ना सांग." मी पुन्हा सांगितलं. ती अशी हसली की शेजारच्या रानातली बाई काय झालं म्हणून बघायला आली, आणि मावशीने तिलाही माझ्याकडून ते सांगायला लावलं. मग घरी जाऊन तिने पेटी उघडली आणि पांढरं लुगडं काढलं. तेच, ती चौदा एप्रिलला आणि दीक्षेच्या दिवशी नेसते ते. मी म्हटलं, मावशी, सांडलं तर? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची पिशवी उचलून एस.टी.च्या वाटेला लागलो.

दारात धोंडीबांनी आम्हाला बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि पडदा असा बाजूला केला की मला बोहल्यावर चढल्यासारखं वाटलं. आत थंडगार, दिवे मंद, आणि खाली फरशी अशी गुळगुळीत पांढरी की तीत आपलं तोंड दिसावं. मावशीने उंबऱ्याशी चपला काढल्या. धोंडीबा म्हणाले, घालून या आजी, चालतं. ती म्हणाली, गार लागतंय, बरं वाटतंय. आम्ही बसलो. मी वाचनालयातून इटालियन पदार्थांची नावं पाठ करून गेलो होतो, उच्चारांसकट. स्पॅगेटी मागवली. धोंडीबांनी गळ्यातला बो सरळ केला. लझानिया मागवला. तेव्हा ते वाकून म्हणाले, "साहेब, त्ये काय आपल्याकडं न्हाय." मी म्हटलं, अहो बाहेर पाटी आहे, इटालियन! त्यावर त्यांनी अभिमानाने खाली बोट दाखवलं. "ह्ये काय. इटालियनवरच तुमी पाय ठिवलाय. मालकांनी सोता जाऊन आणली, समदी फरशी इटालियन." मामा, इटालियन होता तो हॉलच. जेवणात पिठलं, शेवभाजी आणि तीन रंगांचं पनीर. माझी पाठ केलेली सगळी इटली त्या फरशीवर सांडली, आणि मावशी गंभीरपणे म्हणाली, "मग पिठलं सांग, हितं बरं दिसंल."

तेवढ्यात मी वहीत काहीतरी लिहितोय हे मॅनेजरने पाहिलं आणि तो धावत आला. परीक्षण होतंय हे त्याला कुठूनतरी कळलेलं, पण परीक्षक कोण ते माहीत नव्हतं. पांढरं लुगडं, ताठ पाठ, पदार्थ आला की आधी वास घेणं, हे बघून त्याने ठरवलं की परीक्षक मावशीच आणि मी तिचा कारकून. (चूक, पण पूर्ण चूकही नव्हे.) मग त्याने आचाऱ्याला सांगून खास तिच्यासाठी पिझ्झा करवला. मावशीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, थालपीठ उघडं पडलंय, वर पांघरूण घातलंय ते चिकाट हाय, पर वंगाळ न्हाय. मॅनेजर हे शब्द घोकत घोकत आत गेला. मला इतका आनंद झाला होता की मी शेवभाजीवर शेवभाजी मागवत होतो. सदर वाचलं, विकी गेला उडत, आणि ज्या बाईला आईसुद्धा कधी हॉटेलात नेऊ शकली नाही ती माझ्यासमोर बोटं चाटत होती.

मग चहा आला. कपबशी पांढरी, काठाला बारीक निळं फूल. मावशीने कप आधी उलटा-सुलटा करून बघितला, कानाला बोट लावून बघितलं, आणि मग बशीत न ओतता कपानेच सावकाश प्याली. प्याल्यावर धोंडीबा कप उचलायला आले तर ती उठून त्यांच्या मागे निघाली. मॅनेजरला घाम फुटला, त्याला वाटलं आता स्वयंपाकघर तपासणार. मलाही तेच वाटलं, आणि लाज वाटली, म्हणून मीही मागे गेलो. तिने आचाऱ्याकडे बघितलं नाही, भांड्यांकडे बघितलं नाही. मोरीशी उभी राहिली. धोंडीबांनी सगळ्या टेबलांचे कप एकत्र विसळले, पुसले आणि फळीवर ओळीने पालथे घातले. मावशी म्हणाली, "आता यातला माझा कुठला, दाव." धोंडीबा गोंधळले. ओळीवरून दोनदा नजर फिरवली. "आता कसं वळखू आजी? समदे सारकेच हायती." ती म्हणाली, "पुन्ना सांग." त्यांनी पुन्हा सांगितलं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि मला कळेना की आचाऱ्याने कांदा कापायला घेतलाय की काय.

मावशीला गावी सोडायला जाताना एस.टी.त तिने सांगितलं. तुम्हाला हे मी काय लिहावं, तुम्ही तिथे होता. पण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोच. बाजाराच्या गावचं ते चहाचं दुकान. आपले कप बाहेर, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात, सगळे कान तुटलेले, म्हणजे चुकून आतल्यांत मिसळायला नकोत. वरून चहा ओतणार, आणि पिऊन झाल्यावर ज्याने त्याने विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. तुम्ही एवढेसे होता, आतल्या माणसाच्या हातातला फुलांचा कप हवा म्हणून रडायला लागलात. मावशीने तुम्हाला उचलून काखेला मारलं, चहा तसाच ठेवला, आणि वाटेत दोघांनी ठरवलं की आपला कप वेगळा दिसंल तितं आपण प्यायचं नाही. मामा, मी तुमचा भाचा, शिकलेला, पेपरात लिहिणारा, आणि इतकी वर्षं मी तेलावर विश्वास ठेवला. मला तुमचा दोघांचा इतका अभिमान वाटला की एस.टी.त मी उभा राहिलो, आणि कंडक्टरने कुठं उतरायचंय म्हणून विचारलं.

परीक्षण त्याच रात्री लिहिलं. त्यात इटालियनबद्दल एक ओळ आहे आणि कपांच्या फळीबद्दल दीड पान. महिपतरावांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि एक अक्षर न कापता छपाईला दिलं. विकीने पहिल्यांदाच पिझ्झ्याचा विषय काढला नाही. मामींना जय भीम, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा,
सुगत

ता. क. सदर कायम झालं, पण माझं नाही. मॅनेजरने महिपतरावांना फोन करून त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईंचं फार कौतुक केलं. पुढच्या अंकापासून 'खाऊन पाहिले'खाली नाव चतुराबाईंचं. ती सांगणार आणि मी लिहून घेणार. म्हणजे पुन्हा 'सविनय सादर'.

आणखी ता. क. आता खरं काम. मावशीला माझी गरज उरलेली नाही. काल ती मंडईतल्या चार भाजीवाल्या घेऊन तिकडे गेली. मी मागून पोचलो तर धोंडीबांनी हात आडवा घातला आणि म्हणाले, तुमची फॅमिली मगाशीच आत गेली. मी बाहेर पंख्याखाली मिसळ खाल्ली. तरी पुढच्या रविवारी बनामामींना घेऊन अवश्य यावे, म्हणजे मला आत जाता येईल. गुडघ्याची सबब सांगू नये, पायऱ्या दोनच आहेत आणि इटालियन आहेत.

शेवटचा ता. क. मावशी शेजारी बसून हे सगळं वाचून घेते आहे. म्हणते, एवढं पाल्हाळ लावलंस आणि माझा निरोप राहिलाच. तिच्याच शब्दांत देतो: "आबाला लिव्ह, ये म्हनावं आता. आपला कप हुडकून बी घावत न्हाय."